गश्ती ५३ ते गॅदरिंगचा आठवडा : परभणीच्या विद्यापीठाची दिनदर्शिका

१/ आजचा थ्रेड कोणत्याही लढाईवर वा किल्ल्यावर नाही. तो एका दिनदर्शिकेवर आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात वर्षभरात जे सोहळे होतात त्यांच्या तारखा एकाखाली एक लिहून पाहा : ३ जानेवारीला महिला शेतकरी मेळावा, १८ मे रोजी खरीप पीक मेळावा, १७ सप्टेंबरला रबी पीक मेळावा आणि हिवाळ्यात केव्हातरी विद्यार्थ्यांचे स्नेहसंमेलन, म्हणजे आपले गॅदरिंग. या यादीत मराठवाड्याच्या शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तो उलगडायचा तर आरंभ अशा काळापासून करावा लागेल, की ज्या काळी परभणीत चार माणसांनी सभेसाठी एकत्र जमायचे म्हटले तरी सरकारी परवानगी लागत असे.

२/ गॅदरिंगचा आठवडा म्हणजे काय, हे येथे कोणाला सांगायला नको. सकाळी मैदानावर कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यती. दुपारी वक्तृत्व, वादविवाद, प्रश्नमंजूषा, भित्तिपत्रके. संध्याकाळी मंचावर नाटिका, मूकनाट्य, समूहगीत, लोकनृत्य आणि मग ते कुप्रसिद्ध 'फिशपाँड'. गाणे, खेळ आणि भाषण या तीन गोष्टी एका आठवड्यात बांधल्या की गॅदरिंग होते. आता या तीन गोष्टी लक्षात ठेवा. निजामाच्या राज्यात नेमक्या याच तिन्हींवर पहारा होता.

३/ परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानात १९२९ साली एक फर्मान निघाले. इतिहासात ते 'गश्ती निशाण ५३' या नावाने ओळखले जाते. गश्ती म्हणजे परिपत्रक. या परिपत्रकाने सार्वजनिक सभांवर निर्बंध आले. सभा घ्यायची तर आधी अर्ज, मग अधिकाऱ्याची मर्जी. खाजगी शाळा काढायची तर परवानगी. तालीम किंवा आखाडा चालवायचा तर त्यालाही परवानगी. भाषण, शिक्षण आणि व्यायाम ही तिन्ही कामे सरकार दरबारी संशयास्पद ठरलेली होती.

४/ याचा परिणाम असा झाला की मराठवाड्यातील सार्वजनिक जीवन वेश पालटून वावरू लागले. राजकारणाची सभा घेता येत नाही ना, मग ग्रंथालयाचा वार्षिकोत्सव करा. गणेशोत्सवातले मेळे करा. साहित्यपरिषद भरवा. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे भरले, अध्यक्ष होते गोविंदराव नानल. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, परंतु १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. म्हणजे संस्थानातल्या मराठी भाषकांची ही संघटित बैठक परभणीकरांच्या अंगणात झाली. सांस्कृतिक कार्यक्रम हा त्या काळी करमणुकीचा विषय राहिलेला नव्हता. तो एकत्र येण्याचा उरलेला एकमेव सनदशीर मार्ग होता. आजही मराठवाड्यातील जुनी माणसे वाचनालयाबद्दल ज्या आदराने बोलतात, त्याचे मूळ मला येथे दिसते.

५/ आणि विद्यापीठ? संस्थानात विद्यापीठ एकच, हैदराबादचे उस्मानिया, स्थापना १९१८. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणारे हे विद्यापीठ. देशी भाषेत विज्ञान, वैद्यक आणि कायदा शिकवण्याचा तो प्रयोग भारताच्या शैक्षणिक इतिहासात खरोखर मोठा होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालवले गेले, परिभाषा घडवली गेली. परंतु परभणीच्या खेड्यातून येणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला ती 'देशी भाषा' परकीच होती.

६/ बी. रघुनाथ यांचे उदाहरण घ्या. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३, परभणी जिल्ह्यातील सातोना. मराठी कवितेत आणि कादंबरीत ज्यांनी मराठवाड्याच्या मातीचा आवाज आणला, ते बी. रघुनाथ मॅट्रिकनंतर बांधकाम खात्यात कारकून झाले आणि आयुष्यभर कारकुनीच करीत राहिले. १९५३ साली ७ सप्टेंबरला परभणीत, कचेरीत काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. महाविद्यालयाचा मंच त्यांच्या वाट्याला आला नाही. आज परभणीतील सभागृहाला त्यांचे नाव आहे आणि त्यांच्या स्मृतिदिनी शहर त्यांच्यासाठी एक तास राखून ठेवते.

७/ आता गाण्याची गोष्ट. नोव्हेंबर १९३८. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी बंदी घातली. विद्यार्थ्यांनी ऐकले नाही. ठिणगी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात पोचली आणि तेथून संस्थानातील इतर शिक्षणसंस्थांत. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. एका गाण्यासाठी!

८/ काळही पाहा. त्याच सुमारास हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती धड स्थापन होण्यापूर्वीच, बंदी आली होती आणि सत्याग्रह सुरू झाला होता. आर्य समाजाचा सत्याग्रह वेगळाच चालू होता. त्यामुळे वसतिगृहातले गाणे सरकारला केवळ प्रार्थना वाटणे शक्यच नव्हते. उलट बाजूही सांगितली पाहिजे : त्या वसतिगृहांत मुस्लिम विद्यार्थीही राहत होते आणि 'वंदे मातरम्' या गीताविषयी देशभर वाद चालू होता. १९३७ साली काँग्रेसने स्वतःच सभांतून त्याची पहिली दोन कडवी तेवढी गावीत, असा निर्णय केला होता. तरीही गाणे म्हटले म्हणून शिक्षणच बंद करणे ही शिक्षा विद्यार्थ्यांना अन्यायाची वाटली आणि ती होतीही.

९/ पटावरून काढलेल्या या मुलांनी जायचे कोठे? नागपूर विद्यापीठाने दार उघडले. कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. या विद्यार्थ्यांत एक तेलुगू भाषक तरुण होता, पुढे देशाचा पंतप्रधान झालेला : पी. व्ही. नरसिंह राव. रावांना मराठी इतके उत्तम येत असे, त्यामागे हा नागपूर-पुण्याचा विद्यार्थिकाळ आहे. मराठवाड्याच्या पोरांसाठी मात्र नागपूर म्हणजे घर सोडून, संस्थानाची सीमा ओलांडून जाणे होते. ज्याच्या घरी तेवढा पैसा नाही त्याचे शिक्षण तेथेच थांबले. त्यांची नावे चरित्रग्रंथांत आढळत नाहीत.

१०/ १७ सप्टेंबर १९४८. पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले. परभणी मोकळी झाली, पण जिल्ह्याजवळ उच्च शिक्षणाच्या नावाने काहीही नव्हते. मराठवाडाभरच स्थिती बिकट होती. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागे स्वामी रामानंद तीर्थ होते. आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ.

११/ परभणीची वाट मात्र वेगळी पडली. ती शेतातून गेली.

१२/ ज्या १९१८ साली उस्मानिया स्थापन झाले, त्याच वर्षी निजाम सरकारने परभणीला मुख्य प्रायोगिक शेत सुरू केले होते. ज्वारी, कापूस, फळझाडे यांवर संशोधन. हिंगोलीला जनावरांच्या पैदाशीचे केंद्र. शेतीचे शिक्षण घ्यायचे तर हैदराबादलाच जावे लागे, पण प्रयोगाची जमीन परभणीची. गोदावरी आणि पूर्णेच्या खोऱ्यातली ही खोल काळी माती. पावसाळ्यात पाय रुतेल आणि उन्हाळ्यात भेगांत हात जाईल अशी. रबी ज्वारी आणि कापूस यांसाठी याहून योग्य प्रयोगशाळा कोठे मिळणार? ज्या राजवटीने सभेला परवानगी नाकारली, तिनेच हा पायाही घातला. इतिहास वाचताना अशा दोन्ही गोष्टी एका ओंजळीत धराव्या लागतात.

१३/ १९५६ साली हैदराबाद राज्याने परभणीला कृषी महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला ते हैदराबाद राज्य उरलेच नाही. भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे परभणीच्या कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीने प्रवेश एका राज्यात घेतला आणि पदवी दुसऱ्या राज्यात.

१४/ मग कृषी विद्यापीठ ही कल्पना आली. तिचे मूळ अमेरिकेत आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने तेथे प्रत्येक राज्याला जमीन देऊन शेती आणि तंत्रशिक्षणाची महाविद्यालये उभारली गेली. भारतात १९६० साली पंतनगरला त्या धर्तीवरचे पहिले कृषी विद्यापीठ झाले. सूत्र तिहेरी : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे प्रयोगशाळेतले ज्ञान बांधापर्यंत नेणे. महाराष्ट्रात १९६८ साली एकच कृषी विद्यापीठ झाले. विदर्भाने वेगळे मागितले, १९६९ साली अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचे विद्यापीठ आले. आणि १८ मे १९७२ या एकाच दिवशी दोन : कोकणासाठी दापोलीचे आणि मराठवाड्यासाठी परभणीचे.

१५/ तारीख पुन्हा वाचा. मे १९७२. पुढच्याच महिन्यात पाऊस दगा देणार होता. बहात्तरचा दुष्काळ! मराठवाड्यातील कोणत्याही घरात आजी-आजोबांना विचारा, ते वय सांगतानाही 'दुष्काळाच्या आधी दोन वर्षे' असे सांगतात. खडी फोडण्याची कामे, सुकडी, मिलो ज्वारी, गाळ काढलेले तलाव, पाझर तलावांच्या पाळूंवर राबणारी अख्खी गावे. याच कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा पुढे आला. अशा वर्षी विद्यापीठ जन्मले. सतार वाजवण्यासाठी वा ढाल जिंकण्यासाठी कोणी ते मागितले नव्हते. ज्वारीचे कणीस भरावे म्हणून मागितले होते.

१६/ हे विद्यार्थी गप्प बसणारे नव्हते. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले, ते विद्यार्थ्यांनीच पेटवले. नोकऱ्या, रेल्वेचे रुंदीकरण, पाणी, शिक्षण : मागण्या ठोस होत्या. तत्कालीन परभणी जिल्ह्यातील वसमत येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि आंदोलन मराठवाडाभर पसरले. पुढे गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव ही मुक्तिसंग्रामातली माणसे त्याच्या पाठीशी उभी राहिली. अडतीस सालच्या आणि चौऱ्याहत्तर सालच्या विद्यार्थ्यांमधला हा जिवंत दुवा होता.

१७/ येथे एक कडू पान आहे आणि ते वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. परभणी जिल्हाही त्या आगीतून सुटला नाही. ज्या प्रदेशाने एका गाण्यासाठी पटावरून नाव गमावले, त्याच प्रदेशात एका नावासाठी घरे जाळली गेली. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणीची कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. कृषी विद्यापीठ अर्थातच आपल्या स्वतंत्र कायद्याखाली राहिले.

१८/ आता गॅदरिंगकडे परत येऊ. महाविद्यालयीन स्नेहसंमेलन ही प्रथा ब्रिटिश मुलखातल्या मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांची. शब्दही तेथलाच, मराठीने तो इतका आपलासा केला की 'गॅदरिंगला नाव दिलंस का?' यात कोणाला परके काही जाणवत नाही. आंतरविद्यापीठ क्रीडेला रूप आले ते १९३५ च्या सुमारास रोहिंटन बारिया चषकाच्या क्रिकेटमुळे. युवक महोत्सवाचे मूळ १९५४ मध्ये आहे : त्या वर्षी दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला आणि पंतप्रधान नेहरूंनी त्यात मनापासून रस घेतला. फाळणीला तेव्हा सात वर्षे झाली होती. मणिपूरचा नर्तक आणि मद्रासचा गायक एका तंबूत राहावेत, यामागे राष्ट्रबांधणीचा उघड हेतू होता.

१९/ महाराष्ट्रात पुढे कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने या त्रयीला नावेही मिळाली : कलांसाठी 'इंद्रधनुष्य', खेळांसाठी 'अश्वमेध', संशोधनासाठी 'आविष्कार'. पारंपरिक विद्यापीठांबरोबर कृषी विद्यापीठांचे संघही त्यांत उतरतात. (नावे ठेवणाऱ्याची रसिकता दाद देण्याजोगी आहे, जरी 'अश्वमेध' हा यज्ञ हरणाऱ्यांच्या दृष्टीने फारसा सुखाचा नव्हता.)

२०/ परभणीच्या कृषी विद्यापीठातला हा आठवडा मात्र इतरांसारखा असूनही थोडा निराळा आहे. कारण येथे ऋतू ठरवतो की मंच केव्हा बांधायचा. कृषी पदवीच्या अंतिम वर्षातले विद्यार्थी 'रावे' म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खरिपात खेड्यांत जातात. शेतकऱ्याबरोबर पेरणी, फवारणी, पिकांच्या नोंदी. ते परत येईपर्यंत कापूस वेचणीला आलेला असतो. मग हिवाळा, ज्वारीचा हुरडा आणि त्याच सुमारास मंच. खेड्यातून परतलेली मुले नाटिका बसवतात तेव्हा तिच्यातला सावकार, तलाठी आणि पावसाची वाट पाहणारा शेतकरी त्यांनी नुकताच प्रत्यक्ष पाहिलेला असतो. त्यांतले बरेच जण स्वतःच शेतकऱ्याची मुले आहेत. प्रेक्षागृहातले हसू अशा वेळी मध्येच थांबते.

२१/ 'शैक्षणिक' भागाबद्दल. इतर विद्यापीठांत तो बहुधा भित्तिपत्रक स्पर्धेपाशी संपतो. येथे तो शिवारात चालतो. या विद्यापीठाने दिलेल्या वाणांची नावे ऐका : भेंडीचा 'परभणी क्रांती', ज्वारीचा 'परभणी मोती', करडईचा 'परभणी कुसुम', सोयाबीनचा एमएयूएस ७१, नांदेड केंद्राचा कापूस एनएचएच ४४, बदनापूरची तूर बीडीएन ७११. 'परभणी क्रांती' १९८५ च्या सुमारास आला. भेंडीवर हळद्या म्हणजे यलो व्हेन मोझॅक पडला की पाने पिवळी होऊन पीक हातचे जाई. संशोधकांनी 'पुसा सावनी' या लोकप्रिय वाणाचा संकर भेंडीच्या एका जंगली भाईबंदाशी, अॅबेल्मोस्कस मॅनिहॉटशी केला. दोन भिन्न जातींचा संकर, त्यामुळे पहिल्या पिढ्यांत वंध्यत्वाची अडचण. पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी संकर करीत, रोगाला दाद न देणारी आणि तरीही कोवळी फळे देणारी झाडे निवडत ते वाण स्थिरावले. पुढे देशभरच्या भाजीबाजारांत परभणीचे नाव गेले ते या भेंडीच्या पाकिटावरून.

२२/ १ जुलै १९१३ हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. २०१३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. हरितक्रांतीच्या काळातले मुख्यमंत्री, बंजारा समाजातून आलेले, स्वतः शेती करणारे. विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा मुख्यमंत्री तेच होते. बी. रघुनाथही १९१३ चेच. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांपैकी एकाचे नाव परभणीच्या विद्यापीठाला आहे आणि दुसऱ्याचे सभागृहाला.

२३/ तर आता ती सुरुवातीची यादी पुन्हा घ्या. ३ जानेवारी : सावित्रीबाई फुले यांची जयंती, म्हणून महिला शेतकरी मेळावा. निंदणी-खुरपणी, वेचणी, बियाणे राखणे ही बाईची कामे, पण सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे. त्या बाईला शास्त्रज्ञाला थेट प्रश्न विचारता यावा म्हणून हा दिवस. १८ मे : स्थापनादिन, आणि खरिपाच्या पेरणीला जेमतेम तीन आठवडे उरलेले. १७ सप्टेंबर : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आणि रबी ज्वारी व करडई पेरण्याची वेळ तोंडावर आलेली. राजकीय इतिहासाची तारीख आणि पेरणीची तारीख अशी एकमेकींवर चपखल बसणे हा योगायोग खरा, पण विद्यापीठाने तो हेरला आणि त्याची रीत केली.

२४/ तुम्ही परभणीचे असाल तर पुढच्या १७ सप्टेंबरला एवढे करा. सकाळी ध्वजवंदन झाले की विद्यापीठाच्या वाटेला लागा. बियाणे विक्रीच्या खिडकीपाशी पहाटेपासून रांग असते. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा, पालम अशा सगळ्या बाजूंनी लोक आलेले असतात, कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या खांद्यावर रिकामे पोते. आतल्या मांडवात शास्त्रज्ञ पीक परिसंवादात बोलत असतात आणि मागच्या ओळीतून एखादा शेतकरी उभा राहून, माइक हातात येण्याची वाट न पाहता, गेल्या वर्षी दिलेले बी का उगवले नाही याचा जाब विचारत असतो. स्वयंसेवक म्हणून धावपळ करणारी पोरे त्याला खुर्ची देतात, पाणी देतात. हीच पोरे जानेवारीत मंचावर त्याची नक्कल करणार असतात, आणि तोही, जवळच्या गावचा असेल तर, ती बघायला येतो.